खिडकीतले आठ

ओगुची हिसानोच्या दुकानावर अजूनही ‘लाँड्री’ अशीच पाटी आहे. नवरा गेल्यावर इस्त्रीची यंत्रं तिने विकून टाकली, पण काउंटर ठेवलं, आणि कपड्यांना अडकवायच्या गुलाबी चिठ्ठ्यांचे गठ्ठेही ठेवले. आता त्या चिठ्ठ्या ती कॅल्क्युलेटरांना अडकवते. ओकाया गावात नवीन राहायला आलेला एखादा माणूस अधूनमधून हातात कोट घेऊन आत शिरतो. हिसानो त्याचा कोट घेत नाही, पण चहा आणि खारवलेली नोझावानाची भाजी खाऊ घातल्याशिवाय त्याला सोडतही नाही.

तिच्याकडे येतात ते सगळे जुने कॅल्क्युलेटर. हिरवे आकडे पेटणारे, राखाडी काचेवर काळे आकडे उमटवणारे, बोटाच्या पेराएवढ्या बटणांचे खिशातले कॉम्प्युटर. कुणाचे सेल आतच फुटून हिरवट घाण साचलेली असते, कुणाची बटणं चिकटलेली, कुणाची काच काळवंडलेली. तोक्योपासून कुठून कुठून हौशी लोक कुरियरने पाठवतात आणि सोबत लिहितात, कारखान्यातून आजच निघाल्यासारखा चकचकीत करून द्या. तसं ती करत नाही. घाण काढते, तुटलेलं जोडते, मेलेलं जिवंत करते. पण सातच्या बटणावरचा आकडा कुणाच्या अंगठ्याने पुसून गेला असेल तर त्याच्यावर रंग फासत नाही. ‘ज्याने जन्मभर तो सात दाबला, त्याचा तो सात. मी कोण वर रंग लावणारी?’ असं म्हणते. काही गिऱ्हाइकं रुसतात. रुसू देत.

हे काम ती शिकली तळ्याकाठच्या कारखान्यात. शाळा सुटली आणि ती थेट ‘खिडकी’च्या लाइनवर बसली. कॅल्क्युलेटरची आकडे दिसणारी काच म्हणजे खिडकी, असं तिथल्या पोरींनी ठेवलेलं नाव. काचेवर धुरकट रंगाची पातळ फिल्म चिकटवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, कोपरा चुकू द्यायचा नाही. मग पीस पुढे जायचा तपासणीच्या टेबलावर. तिथे बसायचे मियासाका योशिहेई.

मियासाकांना लाइनवर सगळे ‘हान्चो’ म्हणत, म्हणजे गटाचे प्रमुख. पीस हातात घ्यायचा, आठचं बटण दाबत खिडकी आठांनी भरायची आणि मोठ्याने म्हणायचं, “आठच आठ. एकही काडी मोडलेली नाही. पास.” आठ का, तर कॅल्क्युलेटरचा आकडा सात काड्यांचा असतो आणि आठ लिहायला त्या सातही लागतात. एक जरी काडी मेलेली असली तरी आठात ती उघडी पडते. पास झालेल्या पिसाच्या पाठीत आतून मियासाका आपला तपासनिसाचा आकडा उमटवायचे, सत्तावीस. नापास झाला की लाल चिठ्ठी बांधून पीस जिच्याकडून आला तिच्याकडे परत. हिसानोकडे पहिल्या वर्षी इतक्या लाल चिठ्ठ्या आल्या की शेजारणी तिला म्हणायच्या, तुझं टेबल आहे की जत्रा?

कारखाना बंद पडला, त्या जागेवर सुपरमार्केटचं पार्किंग झालं. तरी हिसानो अजून कुठलाही कॅल्क्युलेटर दुरुस्त झाला की आधी खिडकी आठांनी भरते. मियासाका निवृत्त झाल्यावर आईच्या मिसोच्या खोपटात शिरले. सोयाबीन उकडायचे, बुरशी चढवलेल्या तांदळात म्हणजे कोजीत मिसळायचे, मीठ घालायचं आणि पिंपात दाबून ठेवायचं, की सूपमध्ये घालायचा मिसो मुरत राहतो. दर हिवाळ्याच्या शेवटी गल्लीतल्या बायका आपापले सोयाबीन घेऊन त्यांच्याकडे जमतात आणि वर्षाचा मिसो घालून येतात. मिठाचा हिशेब मात्र एकट्या मियासाकांचा. त्यासाठी त्यांच्याकडे त्याच कारखान्याचा, स्वतः पास केलेला खिशातला कॅल्क्युलेटर आहे. सोयाबीन किती, कोजी किती एवढं दाबलं की तो मीठ किती ते सांगतो. सूत्र त्यांनी स्वतः बसून त्यात भरलेलं आहे. आईची चव, असं ते म्हणतात, खिडकीत दिसते.

गेल्या वर्षीच्या पिंपात ती चव कुठे दिसली नाही. मिसो असा खारट निघाला की गल्लीतल्या घराघरांतून सूपमध्ये पाणी वाढत गेलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी ‘यंदाचा जरा ठसठशीत आहे’ म्हणून वाट्या रिकाम्या केल्या. मियासाकांनीही खाल्ला, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं.

वर्षअखेरीला ते हिसानोच्या काउंटरसमोर उभे राहिले. ऐंशी ओलांडली तरी ताठ, अंगावर इस्त्रीचं जाकीट.

“खिडकी फिकी पडली आहे,” त्यांनी कॅल्क्युलेटर समोर ठेवला. “अकराचे सतरा दिसतात. त्यामुळेच गेल्या वर्षी घोटाळा झाला.”

“बघते, हान्चो. बसा, चहा घ्या.”

“चहा नको. नीट बघ. यंदाही मीठ चुकलं तर मी खोपटाला कुलूप लावणार आणि हामामात्सुला लेकीकडे, रित्सुकोकडे जाऊन बसणार. तिने खोली तयार ठेवली आहे. खोलीत टीव्ही आहे.” टीव्ही हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू तिथे औषधाची बाटली ठेवली आहे.

“मोठ्या आकड्यांचा एखादा नवीन का नाही घेत?”

“रित्सुकोने पाठवला होता. म्हाताऱ्यांचा. शेजारच्या नातवाला खेळायला दिला. त्याच्यात आईचं सूत्र आहे का?”

हिसानोने कॅल्क्युलेटर उघडला. सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून आधी बाहेरून वीज जोडली, मग सेल काढले. फिल्म जुनी झाली होती, पण फिकी म्हणावी अशी नव्हती. तरी तिने नवी कापून लावली, आठ भरले, मियासाकांसमोर ठेवला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, मान जरा तिरकी केली. “आठच आठ. एकही काडी मोडलेली नाही. पास.” हिसानोला हसू आलं आणि, खरं सांगायचं तर, छाती फुगली. या माणसाच्या तोंडून पास ऐकायला पहिल्या वर्षी ती काय वाटेल ते द्यायला तयार होती.

नवीन वर्षाच्या सुट्या संपायच्या आत ते परत हजर.

“फिकी आहे,” म्हणाले.

“तुम्हीच पास केलीत ना?”

“इथे बरी दिसली. घरी नेली की फिकी.”

हिसानोचा जुना राग जागा झाला. माणूस म्हातारा झाला, केस गेले, पण परत पाठवायची सवय काही गेली नाही! फणकाऱ्याने तिने पीस पुन्हा उघडला. काचेखालची रबरी पट्टी पुसली, सेल नवे घातले, दुसरी फिल्म कापली, इतकी स्वच्छ लावली की कोपऱ्यात रेघ नाही. आता हात लाव म्हणावं लाल चिठ्ठीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मियासाका यायच्या आधी किनुए आली. किनुए म्हणजे कोपऱ्यावरच्या तोफूच्या दुकानाची मालकीण. तिला कुठलाही हिशेब तोंडी येतो, पण हिसानोचं दुकान दिसलं की येईनासा होतो.

“देवळातल्या जेवणाला तोफूचे किती तुकडे पाडू गं? तिघातिघांत एक दिला तर?” असं म्हणत तिने काउंटरवरचा हाताला लागला तो कॅल्क्युलेटर उचलला. तो नेमका मियासाकांचा. बटणं दाबली. “एकवीस आणि पुढे तीनच तीन. हे तीनच तीन कोण खाणार?”

“तूच खा. ठेव तो खाली, हान्चोंचा आहे.”

किनुएने तो ठेवला न ठेवला तोच दार सरकलं. मियासाका आत आले, नमस्कार केला आणि कॅल्क्युलेटर उचलला. हिसानो पुढे झाली, खिडकी पुसून आठ भरायला. पण त्यांनी तो नाकाजवळ नेलासुद्धा. मान तिरकी केली. बराच वेळ पाहिलं.

“आठच आठ,” ते म्हणाले. “एकही काडी मोडलेली नाही. पास.”

किनुएचं तोंड उघडलं. हिसानोने नोझावानाची बशी तिच्या पुढ्यात इतक्या जोरात सरकवली की दोन देठ काउंटरवर पडले.

“खा,” ती म्हणाली.

किनुएने खाल्लं. मियासाकांनी कॅल्क्युलेटर जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला, वाकून नमस्कार केला, दार नीट लावून घेतलं आणि गेले.

“अगं, पण त्यात तर...”

“माहीत आहे.”

“आठ कुठे होते? एक नव्हता!”

“माहीत आहे म्हटलं ना!”

आठ तिथे नव्हतेच. मियासाकांना खिडकीत राखाडी धुकं दिसत होतं, आणि तपासणीच्या वेळी खिडकीत आठच असतात हे त्यांना जन्माचं ठाऊक होतं. काच फिकी नव्हती. डोळे फिके झाले होते. आणि गेल्या वर्षीचं मीठ काचेने नाही, डोळ्यांनी चुकवलं होतं.

“म्हणजे यंदाही खारट,” किनुए म्हणाली. मग हळूच म्हणाली, “सांगून टाक त्यांना. नाही तर मी सांगते. मीठ मी मोजून घालेन, त्यात काय?”

“सांग आणि बघ. उद्या हामामात्सुची गाडी पकडतील.”

किनुएला ते पटलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या काड्या मोजल्या, त्याला तुमचं मीठ आम्ही मोजतो म्हणणं म्हणजे खोपटाची किल्ली हातातून काढून घेणं. “मग काय करणार?” तिने विचारलं. किनुए गेली तरी ती काउंटरवर पडलेल्या देठांकडे बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं. इतके दिवस आपण या म्हाताऱ्यावर चिडत होतो, आणि तो बिचारा अंधारात पाठांतर म्हणून दाखवत होता.

काही दिवस तिने दुसरी कामं केली. नागोयाच्या एका गिऱ्हाइकाचा खिशातला कॉम्प्युटर उघडला, जळालेला भाग काढून नवीन बसवला. त्याची खिडकी जोडून झाल्यावर सवयीने नवी फिल्म हातात धरून काचेवर फिरवून पाहिली. फिल्म सरळ धरली की पांढऱ्यावर काळे आकडे दिसतात. आडवी फिरवली की सगळं उलटं होतं, काळ्यावर उजळ आकडे. फिल्म फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

तिची पहिल्या वर्षीची सगळ्यात मोठी चूक हीच. एके दिवशी झोपेच्या गुंगीत तिने फिल्म आडवी कापली आणि अख्खा ट्रे चिकटवून मोकळी झाली. तपासणीच्या टेबलावर खिडक्याच्या खिडक्या काळ्या, आत उजळ आठ. मियासाकांनी एकेका पिसाला लाल चिठ्ठी बांधली, घाई न करता, शेवटच्या पिसापर्यंत. अख्खी लाइन बघत होती. हिसानो कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली होती.

तिने नागोयाचा पीस बाजूला ठेवला. खिडकीवर दिव्याचा उजेड पाडला आणि डोळे बारीक करून पाहिलं. पांढरी खिडकी उजेडात चमकते, आणि तिच्या चमकण्यात बारीक काळी काडी बुडून जाते. काळी खिडकी चमकत नाही. तिच्यात उजळ काडी एकटीच उभी राहते. दुखऱ्या डोळ्यांना दुसरं काय हवं?

आता पीस परत मागवायचा कसा? कारण तर द्यायला हवं. तिला एकच सुचलं, आणि ते तिच्या घशाखाली उतरेना. आपलं काम चांगलं झालं होतं. गेल्या कित्येक वर्षांत इतकी सुरेख फिल्म तिने लावली नव्हती. तीच वाईट होती असं म्हणायचं, तेही कुणाला, तर मियासाकांना! तिने फोन उचलला, ठेवला, चहा केला, पुन्हा उचलला.

“हान्चो, हिसानो बोलतेय. तुमचा पीस परत आणा.”

“का?”

“फिल्म खराब निघाली. माझंच लक्ष नव्हतं.”

पलीकडून मियासाकांचा आवाज इतका टवटवीत आला की तिला रागही आला आणि बरंही वाटलं. “मी म्हणत नव्हतो? फिकी आहे, फिकी आहे! तुम्हा पोरींचं पहिल्यापासून हेच. पास झालं की डोळे मिटून बसता.”

“चुकलं.”

“आत्ता आणतो.”

ते पीस ठेवून गेले. हिसानोने तिची ती सुरेख फिल्म पात्याने उचलून सोलली. गोंद पुसला. नवीन फिल्म आडवी कापली, मुद्दाम, अगदी त्या दिवशी कापली तशी, आणि बुडबुडा न ठेवता चिकटवली. काचेमागे ताजा पांढरा कागद घातला, आकडे आणखी उजळावेत म्हणून. मग खिडकी आठांनी भरली. सातही काड्या जिवंत होत्या. तिने आठ पुसले आणि दुसरा आकडा दाबला.

दुपारी मियासाका आले. दुकानाच्या खिडकीतून ऊन काउंटरवर पडलं होतं. “यंदाही तळं गोठलं नाही,” आल्या आल्या ते कुरकुरले, जणू तेही हिसानोनेच नीट चिकटवलं नव्हतं. मग कॅल्क्युलेटर उचलला, नाकाजवळ नेला, मान तिरकी केली.

“आठच...”

ते थांबले. मान आणखी तिरकी केली. कॅल्क्युलेटर नाकापासून थोडा लांब नेला, परत जवळ आणला. हिसानो हातातलं फडकं घट्ट धरून उभी होती.

“सत्तावीस,” मियासाका म्हणाले.

हिसानोने फडकं काउंटरवर ठेवलं.

“हा माझा आकडा आहे.”

“हो, हान्चो.”

त्यांनी कॅल्क्युलेटर हळूच काउंटरवर ठेवला आणि पहिल्यांदाच, न सांगता, स्टुलावर बसले. हिसानोने चहा ओतला. त्यांनी कपाभोवती दोन्ही हात धरले.

“मागच्या वेळी काय होतं खिडकीत?”

“किनुएचा तोफू. एकवीस आणि पुढे तीनच तीन.”

“आणि मी आठ म्हटलं.”

“म्हटलंत. पासही केलंत.”

मियासाकांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं, ते मध्येच बिघडलं. “मधोमध डाग आहे,” ते म्हणाले. “बघायला जावं तिथेच. बाजूबाजूचं दिसतं. मात्सुमोतोचा डॉक्टर म्हणतो, गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. रित्सुकोला बोललो नाही. बोललो असतो तर संध्याकाळच्या आत ती गाडी घेऊन दारात. मला तिकडे जायचं नाही, हिसानो. तिथे मी काय करू?”

“मला ठाऊक आहे.”

“भीती वाटते गं.”

या माणसाच्या तोंडून हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिने बशी त्यांच्या हाताजवळ सरकवली, या वेळी सावकाश. त्यांनी एक देठ उचलला, चावला, आणि कॅल्क्युलेटर पुन्हा उचलून पाहिला.

“फिल्म आडवी आहे.”

“आहे.”

“त्या ट्रेसारखी.”

“अगदी तशीच. तुम्ही एकही सोडला नव्हतात.”

“सोडून कसं चालेल? आडवीच होती ना! तू आत जाऊन रडत होतीस. मी बाहेर उभा होतो.”

“पाहिलं होतं मी दाराच्या फटीतून. आग विझवायची बादली तपासत होतात. रिकामी बादली.”

“मग काय करणार होतो? बायकांच्या खोलीत शिरू?”

हिसानो हसली. हसता हसता डोळे पुसावे लागले, ते तिने लपवलं नाही. मग तिने खणात हात घातला. कारखाना बंद झाला त्या दिवशी आठवण म्हणून उचललेल्या लाल चिठ्ठ्यांतल्या दोनचार तिथे उरल्या होत्या. एक काढून तिने त्यांच्यापुढे ठेवली.

“बांधा. कामच तसं आहे.”

मियासाकांनी चिठ्ठी बोटांनी चाचपली. रंग त्यांना दिसला की नाही कोण जाणे, पण कागद त्यांनी ओळखला.

“लाल चिठ्ठी बांधली की पीस दुरुस्तीला परत जातो,” ते म्हणाले. “हा मी परत देणार नाही.” आणि कॅल्क्युलेटर आतल्या खिशात टाकून त्यांनी वरून हात दाबला.

शनिवारी खोपटात मिसो घातला. उकडलेल्या सोयाबीनची वाफ छतापर्यंत गेली होती. गल्लीतल्या बायका बाह्या सरसावून लगदा मळत होत्या, त्याचे गोळे करून पिंपाच्या तळाशी आपटत होत्या, आत हवा राहू नये म्हणून. किनुए मिठाची पोती आणि काटा घेऊन तयार होती. आणि तिचा चेहरा असा की कुणीही ओळखावं, हिच्या पोटात काहीतरी आहे.

मियासाका दिव्याखाली उभे राहिले. बटणं त्यांना बघावी लागत नव्हती, अंगठाच ओळखत होता. सोयाबीन दाबलं, कोजी दाबली. मग खिडकी नाकाजवळ, मान तिरकी. सगळ्या बायकांचे हात थांबले. गेल्या वर्षीची चव कुणीच विसरलं नव्हतं.

मियासाकांनी मिठाचा आकडा वाचला. मोठ्याने, खणखणीत, तपासणीच्या टेबलावर म्हणायचे तसा. त्यात एकही आठ नव्हता.

किनुएने चमचा पोत्यात घातला नाही. तिने हिसानोकडे पाहिलं. हिसानो मियासाकांच्या कोपराशीच उभी होती, नुसती मान वळवली असती तर खिडकी दिसली असती. एक नजर टाकायची आणि मान हलवायची, बस. मियासाकाही थांबले होते. त्यांना बाजूचं दिसत होतं. हिसानो कुठे बघते हे त्यांना नक्की दिसत होतं.

हिसानोने मान वळवली नाही. तिने लगद्याचा गोळा उचलला आणि पिंपात आपटला.

“ऐकू आलं नाही का गं?” ती किनुएवर ओरडली. “हान्चोंनी आकडा सांगितला ना? घाल मीठ!”